तहानवाडीची विहीर

शनिवार, ८ नोव्हेंबर. सकाळपासून तुझी खोली आवरतेय.

कपडे झाले. शर्ट कोपऱ्यावरच्या वॉचमनला दिले. तो तुझ्याच अंगाचा आहे, बाह्या तेवढ्या लांब होतील. बूट फाटके होते, टाकले. उरलेली औषधं मेडिकलवाल्याला परत केली. पुस्तकं फरहीन नेणार आहे. आता तुझी भुतं राहिलीत.

ती कपाटाच्या वरच्या खणात, बिस्किटांच्या डब्यांत आहेत. तू शिकवायचास त्या कॉलेजच्या वर्कशॉपातून आणलेल्या बाभळीच्या तुकड्यांतून कोरलेली, बोटभर उंचीची. एकाला डोळेच नाहीत, एकाला अंगभर डोळे. हडळीचे पाय तू उलटे केलेस आणि वर तिला पैंजण घातलेस, कशाला ते तुलाच ठाऊक. पार्सलनं आलेले काळे फासे, वीस-वीस बाजूंचे, त्यांवर कवट्या कोरलेल्या. चिंचोक्यांची बरणी. आणि कूलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा तो पडदा, ज्याच्यामागे बसून तू आम्हाला घाबरवायचास. मी लातूरहून येताना मेसच्या तांदळाचं रिकामं पोतं आणलंय. अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, "ते सामान हलव तिथून." मी विचारलं, "का?" म्हणाले, "अडचण होते."

वरच्या खणातल्या भुतांची कुणाला अडचण होत नाही, मिलिंद. अडचण टेबलावर आहे. तिथं स्टीलचा एक ग्लास उपडा ठेवलाय. तू गेल्यापासून या खोलीत झाडू फिरला, फडकं फिरलं, पण त्या ग्लासाला कुणी हात लावलेला नाही. मीही नाही.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं मला बाजूला घेऊन विचारत होती, मिलिंद नक्की काय खेळायचा? जुगार होता का? मी सांगितलं, जुगार नाही. टेबलाभोवती चौघं बसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. तू दारापाशी उभा आहेस, आतून खरवडल्याचा आवाज येतोय, काय करशील? मग तू सांगायचं काय करणार ते, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. दुसरीकडं अशा खेळात राक्षस मारतात आणि खजिना लुटतात. आमच्या मिलिंदकडं खजिना नव्हता, नुसती भीती होती. "असं का," म्हणाले, चहा प्याले आणि गेले.

मला तू फसवून बसवलंस. अण्णांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी आले होते, मेसला सुट्टी देऊन. दुपारी तुझी मंडळी जमली, फरहीन आणि गजानन, आणि चौथा आलाच नाही. "अक्का, एक माणूस कमी पडतंय. नुसती बस." मी आधी टेबल बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. आपल्या आज्यानं छप्पनच्या दीक्षेनंतर घरातले देव पोत्यात भरले आणि गोदावरीत सोडले. अण्णांनी सगळी नोकरी खेड्यांत पोरांना भूत नसतं हे शिकवण्यात घालवली. आणि त्यांच्या पोटचा पोरगा पार्सलनं कवट्या मागवतो.

"लाज वाटत न्हाई का रे?" मी म्हणाले. "आपल्या माणसांना ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या घाबरवलं, तेच विकत आणून राहिलास?"

"देव सोडले म्हणून तर जागा झाली ना, अक्का," तू म्हणालास. "आता ह्या घरात भूत आलं, तर आपण म्हणू तेव्हा येणार आणि आपण म्हणू तेव्हा जाणार. बस आता, फासा टाक."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं म्हणून बसले, असं नाही. उत्तर होतं. पण माझ्यावाचून तुमचा खेळ अडला होता, आणि अडलेलं काम मला बघवत नाही.

मग माणूस निवडायची वेळ आली. तू म्हणालास, या खेळात प्रत्येकाला एक खोट असते आणि त्या खोटीतूनच त्याची ताकद येते. फरहीननं सावली विकलेली बाई घेतली होती. तिला अंधारात कुणी पाहू शकत नसे, पण उन्हात लोक तिला बघून पळत. गजाननचा माणूस ‘परतलेला’ होता. म्हणजे मरून परत आलेला. त्याला पुन्हा मरणाची भीती नाही, पण तो एका माणसाला कायमचा विसरलाय, आणि कोणाला ते त्याला माहीत नाही.

"माझ्यात खोट-बिट काही न्हाई," मी म्हणाले.

"काहीतरी लिहावं लागतं, अक्का."

"मग लिही. हिच्या दारात कुणी उपाशी आलं, तर हिला दार लावता येत न्हाई."

गजानन हसला. तू नाही हसलास. तू पेन्सिलीनं तसंच लिहिलंस आणि विचारलंस, "कुणीही? जिता असो, मेलेला असो?" मी म्हणाले, "उपाशी माणसाला तसलं कोण विचारतंय?" अशी माझी स्वयंपाकीण तयार झाली. बाकीच्यांच्या हातात तलवारी आणि मंत्र, माझ्या हातात उलथणं. आणि ताकद काय, तर तिनं रांधलेलं गरम जेवण ज्याच्या पोटात गेलं त्याचे दोन चिंचोके कमी.

चिंचोके म्हणजे धास्ती. घाबरवणारं काही दिसलं की तू आमच्या वाटीत एकेक टाकायचास. दहा झाले की माणूस मोडला. मग तो पळतो, नाहीतर थिजतो, नाहीतर आपल्याच माणसांवर उलटतो. त्या पहिल्या दुपारी गजाननच्या वाटीत नऊ झाले होते. मी त्याला गोष्टीतल्या गोष्टीत पिठलं-भाकरी घातली. तू मुकाट दोन चिंचोके काढून घेतलेस आणि गजाननचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, बरं आहे हे.

त्यानंतर मी दर महिन्याला एका रविवारी येत राहिले. गजाननचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान लातुरातच, तोही त्याच बसला. लोहा गाव येईपर्यंत आमचं भांडण चालायचं की गेल्या वेळी पळून जायला हवं होतं की नको.

तुझ्या त्या विलायती पुस्तकांत म्हणे प्रत्येक भयाण मुलखाभोवती धुकं असतं, त्यातून बाहेर पडता येत नाही. फरहीन म्हणाली, "सर, नांदेडात कुठून आलं धुकं? आमच्याकडं फुफाटा हाय, फुफाटा घाला." तू घातलास. तेव्हापासून आमच्या मुलखांभोवती मे महिन्यातल्या दुपारसारखा फुफाटा उडायचा. कितीही चालून गेलं तरी माणूस निघाला त्याच कडुलिंबाखाली परत यायचा. आणि प्रत्येक मुलखाचा एक मालक. त्याच्या पापातून तो मुलूख झालेला, आणि तो स्वतःही तिथलाच कैदी. पुस्तकातला हा नियम मात्र तू बदलला नाहीस. "हे बरोबर लिहिलंय," म्हणालास. "इथं कुठं वेगळं असतं?"

किनवटच्या जंगलातलं ते मुलींचं वसतिगृह आठवतं? हजेरी घेतली की एक मुलगी जास्त भरायची. जास्तीची कोण, ते कळायचं नाही, कारण सगळ्यांना सगळ्याच ओळखीच्या वाटायच्या. गजाननला वसतिगृह पेटवायचं होतं. फरहीन सावल्या मोजायला निघाली. मी म्हणाले, "एक ताट जास्त वाढा, आणि कोण कसं जेवतंय ते मला बघू द्या." शिकवणीसाठी घर सोडून आलेल्या पोरींना मी इतकी वर्षं वाढतेय. नवी पोरगी कशी जेवते ते मला सांगायला नको. ती भात गोळा करून ताटाच्या कडेला सारते, म्हणजे खाल्ल्यासारखं दिसतं. तशी एक दिसली. मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "नको तर ठेव. उद्या काय करू तुझ्यासाठी?"

"फासा टाका, अक्का," गजानन म्हणाला.

"नको," तू म्हणालास. "ह्याला फासा लागत न्हाई." आणि मग पडद्याआडून एवढंच, "ती म्हणाली, वरणफळं."

दुसऱ्या दिवशी हजेरी बरोबर भरली. मी उठून खरा चहा टाकला. आत अण्णा पेपर वाचत होते. पान मात्र मघापासून उलटलेलं नव्हतं.

आता तो ग्लास.

पहिल्याच दिवशी तू नियम सांगितला होतास. प्रत्येकापुढं पाण्याचा एक ग्लास. गोष्टीत असं काही आलं की जे कुणाला नकोच आहे, त्यानं ग्लास उपडा करायचा. खेळ तिथंच थांबतो. का म्हणून विचारायचं नाही, नंतरही नाही. आणि ज्यानं उपडा केला त्यानंच तो सरळ करायचा, दुसऱ्यानं नाही.

मी टर उडवली होती. "भीतीचा खेळ, आणि भीती वाटली की बंद? पोहायला जायचं आणि भिजायचं न्हाई, तसं झालं हे."

"खरी भीती अशी थांबवता येत न्हाई ना, अक्का," तू म्हणालास. "म्हणून."

मी माझा ग्लास कधी उपडा केला नाही. फरहीननं एकदा केला, तू पान उलटावं तसा पुढं गेलास. आणि या पावसाळ्यात तू आम्हाला तहानवाडीला नेलंस.

तहानवाडीत एकच विहीर. मालकाची. तिच्यात काहीतरी आहे म्हणून कुणी पाणी भरायचं नाही, गाव मैलभर लांबून डबक्यातलं आणणार. मालकाची स्वतःची तहान कधीच भागत नाही, पाणी ओठांजवळ नेलं की माती होते. आम्ही आत शिरलो आणि फुफाट्यानं वाट बंद केली. सुटायचं तर विहिरीत उतरायला हवं. इथं आपलं जुंपलं. मी म्हणाले, विहिरीत काही नाही. मालकानं उठवलंय. लोकांनी लांब राहावं म्हणून.

महिनाभर फोनवर हेच चाललं. मी पोळ्या लाटतेय, फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला.

"खाली काही नसलं, तर एवढी गोष्ट कशाला सांगतोय मी?" तू म्हणायचास.

"आणि खाली काही असलं, तर मालक खरा ठरला. चालतंय तुला? अण्णांच्या पोराला?"

"अक्का, तू उतर ना एकदा. वरनंच भांडून राहिलीस."

"आधी सांग, आहे का न्हाई?"

"उतर."

पुढच्या रविवारी मी उतरायला निघाले. दोर बांधला. तू विहिरीचं वर्णन सुरू केलंस. काठावर दोन लिंब, दगडी पायऱ्या, तिसरी पायरी तुटलेली, आणि खाली पाणी आहे पण त्यात आभाळ दिसत नाही. अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर आले. मला वाटलं चहाचे कप न्यायला. ते टेबलापाशी आले, हात लांब केला आणि माझा भरलेला ग्लास उपडा केला. पाणी टेबलावरून तुझ्या मांडीवर गेलं. अण्णा खेळत नव्हते. ते कधीच खेळले नव्हते. पण नियम त्यांना पाठ होता.

गजानन काहीतरी बोलणार होता. तू त्याला हातानं थांबवलंस. "थांबलं," म्हणालास, फासे गोळा केलेस, फडकं आणून पाणी पुसलंस. ग्लास तसाच ठेवलास. अण्णांना विचारलं नाहीस. मी बसस्टँडवर तुला म्हणाले, "विचार की त्यांना." तू म्हणालास, "नियम नियम आहे."

पुढचा रविवार आलाच नाही.

दवाखान्यात तुला आत नेत होते तेव्हा मी विचारलं, "चिंचोके किती?" तू चार बोटं दाखवलीस. खोटं बोललास. आठ तरी होते, मला दिसत होते. डॉक्टरांनी नंतर हृदयाचं जे सांगितलं ते मला समजलं. ज्यांना समजलं नाही, त्यांना दुसरं कारण हवं होतं, आणि ते तुझ्या कपाटात तयार होतं.

काकूनं पुण्यानुमोदनाच्या दिवशीच तोंड उघडलं. वंदना झाली, भन्तेजी जेवून गेले, आणि ही माझ्या कानाशी. "कवट्या घरात आणल्या, हडळी आणल्या. मग ते घराला सोडंल का? ते सगळं गोदावरीत सोड बाई."

"बाभळीची लाकडं आहेत, काकू. तुमच्या चुलीत जातात तीच."

"तुला सगळ्याची थट्टाच."

"थट्टा न्हाई. ह्या घरानं गोदावरीत एकदा सोडायचं ते सोडलंय. आता परत काही सोडणार न्हाई."

काकू फणकाऱ्यानं गेली. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, ते आता तिला वर्गात उभं केल्यासारखे झापतील. ते भिंतीकडं बघत बसले होते. आणि चार दिवसांनी त्यांचाच फोन. सामान हलव.

गजाननचंही सांगते. काल बसमध्ये म्हणाला, "अक्का, मिलिंद सरांचा एक माणूस करू का? परतलेला. म्हणजे ते टेबलावर राहतील." भल्या मनानं म्हणाला, पण मी त्याला तिथंच तोडलं. तो नियम मला पहिल्यापासून पटलेला नव्हता. माणूस मरणातून परत येतो तो कुणासाठी तरी येणार, आणि नेमकं त्यालाच विसरायचं? हे कसलं परत येणं? तू तेव्हा म्हणाला होतास, "फुकट परत येता येत न्हाई, अक्का." ठीक आहे. मग येऊ नकोस. लाकडाचा बोटभर मिलिंद करून मी त्याला गजाननच्या फाशावर नाचवणार नाही. मेलेल्या माणसाला कामाला लावायचं नसतं. तू गेलास, एवढं मी मान्य केलंय. तू गेलास म्हणून जे लोक बोलतात, ते मी मान्य करणार नाही.

तर आज दुपारी पोतं भरून झालं. पडदाही त्यात घातला. ग्लास उरला. तो उचलून घासायला टाकणं हे माझ्यासाठी काय काम होतं? रोज ढीगभर घासते. हात पुढं केला आणि मागं घेतला. नियम तुझा, आणि तू नसताना मोडला तर तुला भांडताही येणार नाही. मी अण्णांना हाक मारली.

"हा ग्लास तुमचा आहे. तुम्हीच उचला."

ते दारात उभे राहिले. काठी हातात, आत येईनात.

"राहू दे," म्हणाले. "पोत्यात टाक."

"मला चालत न्हाई. ज्यानं उपडा केला त्यानंच."

"तिसरी पायरी तुटलेली आहे हे त्याला कुणी सांगितलं?"

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. मग कळलं, ती विहीर खरीच कुठंतरी होती. "गावाकडच्या आत्यानं सांगितलं असंल," मी म्हणाले. "लहानपणी तो तिच्याकडंच असायचा."

मग ते आत आले आणि तुझ्या खुर्चीवर बसले. तुझ्या खुर्चीवर, मिलिंद, जिथं ते एकदाही बसले नव्हते. म्हणाले, ती विहीर त्यांच्या गावची, बिलोलीकडची. दोन लिंबांची. तिच्यात हडळ आहे असं सांगायचे. "वरच्या आळीच्या बायका दिवसभर तिथं पाणी भरायच्या," अण्णा म्हणाले. "त्यांना कधी दिसली नाही. आपल्याच माणसांना दिसायची. मला तेव्हाही कळत होतं. सातवीत होतो. नंतर मास्तर झालो, जन्मभर पोरांना सांगितलं, भूत नसतं. पण त्या विहिरीत वाकून मी आजपर्यंत बघितलेलं नाही. गावी गेलो तरी लांबच्या रस्त्यानं जातो."

"त्यानं विचारायला पाहिजे होतं तुम्हाला, ती विहीर घेण्याआधी."

"नाही विचारलं. आणि मी थांबवलं तर का म्हणूनही नाही विचारलं. माझ्या एका हातानं थांबला तो. आयुष्यात माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं." ते ग्लासाकडं बघत होते. "मी थांबवलं, आणि पोरगा गेला. मला समजतंय, ग्लासानं माणूस मरत नाही. मला समजतंय, शोभे. पण रोज डोळ्यांसमोर येतो, आणि बघवत नाही."

काकूनं म्हटलेलं मी उडवून लावलं होतं. हे उडवता येईना. देव गोदावरीत सोडणाऱ्याचा पोरगा एका स्टीलच्या ग्लासाला भिऊन बसला होता. मला रडू आलं नाही. मला राग आला. तुझा आला, त्या दोन लिंबांचा आला, वरच्या आळीचा आला, आणि अण्णांचाही आला.

"बघवत न्हाई तर सरळ करा," मी म्हणाले.

"आता काय उपयोग? सांगणाराच नाही."

"मी सांगते."

"तुला येतं?"

"पंचेचाळीस पोरींना रोज तीच भाजी नवी आहे म्हणून वाढते. मला येतं."

अण्णांनी काठी उचलली. उठले आणि आत गेले. ग्लास तसाच.

मी पोतं उलटं केलं. भुतं पुन्हा टेबलावर आली. फरहीनला फोन लावला, ती म्हणाली, "हव अक्का, आलेच समजा." गजानन त्याच्या बहिणीकडं सिडकोत उतरलाय, त्यालाही सांगितलं. मग पडद्यामागं बसून बघितलं, कसं दिसतं तिथून. तू कधी काहीच लिहून ठेवत नव्हतास, सगळं डोक्यात. म्हणजे विहिरीत काय आहे ते आता जगात कुणालाच माहीत नाही. तिथं बसल्यावर मात्र एक गोष्ट कळली. काही नाही म्हणणं सोपं आहे, पण एवढ्या लांब उतरून आलेल्या माणसाला ‘काही नाही’ असं सांगायला तोंड होत नाही. आणि ‘आहे’ म्हटलं तर मालक जिंकला. तू मला का सांगत नव्हतास, ते थोडं कळलं. थोडंच. भांडण मी सोडलेलं नाही.

रविवार. सकाळी पिठलं-भाकरी केली, खरीच, चौघांपुरती. फरहीन आणि गजानन वेळेवर आले आणि आपापल्या जागी बसले. गजाननचे डोळे सुजलेले होते, मी बघितलं नाही असं दाखवलं. चिंचोक्यांच्या वाट्या मांडल्या. प्रत्येकापुढं पाण्याचा ग्लास. माझ्या रिकाम्या खुर्चीपुढं तो उपडा. मी पडद्यामागं बसले आणि थांबले.

अण्णा आंघोळ करून आले. पांढरा सदरा, इस्त्रीचा. माझ्या खुर्चीवर बसले. मग त्यांनी ग्लास उचलला, सरळ केला, जगमधलं पाणी ओतलं आणि एका दमात प्याले. पुन्हा भरला. टेबलावर ग्लासाचं वर्तुळ उमटलेलं होतं, त्याच्यावरच बरोबर ठेवला.

"नाव सांगा," मी म्हणाले.

"माझंच लिही."

"खोट?"

"विहिरीत वाकून बघता येत नाही."

"आणि ताकद?"

त्यांनी फरहीनकडं बघितलं, गजाननकडं बघितलं. काळा फासा हातात घेऊन जरा तोलला, खडू तोलावा तसा.

"उतरता येतं," म्हणाले.

मी पेन्सिलीनं लिहिलं. गजाननच्या माणसानं दोर धरला, फरहीनच्या बाईनं कंदील. तिसरी पायरी तुटलेली आहे, जपून, मी म्हणाले. माहीत आहे, अण्णा म्हणाले, आणि उतरले.

खाली काय होतं ते मी तुला सांगणार नाही, मिलिंद. तू तरी मला कुठं सांगितलं होतंस?